जाळी पुण्याची, नाव विलायतेचं



थंडी पडू लागली की शाळेच्या पटांगणात, वस्तीवरच्या मोकळ्या जागेत, समाजमंदिराच्या पाठीमागे पोरं दोन बांबू रोवतात, मध्ये दोरी ताणतात आणि बॅडमिंटन सुरू होतं. रॅकेट जत्रेतून आणलेली असते, फूल प्लास्टिकचं असतं. सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांच्यामुळे हा खेळ आता घरोघरी माहीत झाला आहे. पण तो आला कुठून, हे विचारलं तर बहुतेकजणी म्हणतात, "नावच इंग्रजी आहे, म्हणजे विलायतेतूनच आला असणार."

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज आम्ही सांगणार आहोत. त्यात आपलं पुणं आहे. आणि त्यात बायका आहेत, अगदी पहिल्यापासून.

फूल खाली पडू द्यायचं नाही

पिसं खोवलेलं हलकं फूल हवेत उडवत ठेवायचं, हा खेळ फार जुना. चीनमध्ये असं फूल पायाने उडवतात. जपानमध्ये नव्या वर्षाच्या सणाला मुली लाकडी फळीने फूल टोलवत. त्या फळ्यांवर सुंदर चित्रं रंगवलेली असत आणि जिच्या हातून फूल पडेल तिच्या तोंडाला काळी शाई फासत. इंग्लंडमध्येही कित्येक शतकं मुलं आणि मोठी माणसं लहान रॅकेटींनी फूल टोलवत होती.

या जुन्या खेळाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात जाळी नव्हती. मध्ये रेघ नव्हती. समोरासमोर उभं राहायचं आणि दोघींनी मिळून फूल जितका वेळ वर ठेवता येईल तितका वेळ ठेवायचं. किती टोले झाले ते मोजायचं. समोरची हरली म्हणजे मी जिंकले, असा तो हिशेबच नव्हता. आपली फुगडी किंवा झिम्मा आठवा. फुगडीत एकीने हात सोडला तर दोघी पडतात. तसंच ते होतं.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर भागात एक मोठा जुना वाडा आहे. त्याचं नाव बॅडमिंटन हाउस. ब्यूफोर्टच्या ड्यूकचं, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराचं ते घर. तिथे हा फूल टोलवण्याचा खेळ चालत असे. त्या काळच्या एका रॅकेटवर १८३० सालची नोंद लिहून ठेवलेली आहे. घरातल्या स्त्रीबरोबर सलग दोन हजारांहून जास्त टोले झाले, फूल पडलं नाही, अशी ती नोंद आहे. आज हा खेळ या वाड्याच्या नावाने ओळखला जातो. पण आज आपण जो खेळ पाहतो त्याला जाळी लागते, नियम लागतात, गुण लागतात. ते कुठे ठरलं, ते आता पाहू.

खडकीची छावणी

१८१७ साली खडकीची लढाई झाली. पुढच्या वर्षी पेशवाई संपली आणि पुण्याच्या कडेला इंग्रजांच्या लष्करी छावण्या कायमच्या वसल्या. खडकी आणि पुणे कॅम्प हे भाग तेव्हापासूनचे. तिथे इंग्रज अधिकारी राहत, त्यांच्या बायका-मुली राहत. पुण्याची हवा चांगली, संध्याकाळ मोकळी. त्यांनी आपला फूल टोलवण्याचा खेळ बरोबर आणलाच होता.

१८६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत या लोकांनी खेळाच्या मध्ये जाळी बांधली. एवढ्या एका जाळीने सगळा खेळच बदलला. आता फूल वर ठेवायचं ते आपल्या बाजूला, आणि पाडायचं ते जाळीपलीकडे. आता दोन बाजू झाल्या, जिंकणं-हरणं आलं, म्हणून मग नियम आले. या खेळाचे पहिले नियम १८७३ मध्ये पुण्यात लिहिले गेले. इंग्रज तेव्हा पुण्याला 'पूना' म्हणत, आणि हा खेळसुद्धा 'पूना' याच नावाने ओळखला जात होता.

दक्षिणेत त्याचीच एक बहीण होती. फूल हलकं, वारा सुटला की भलतीकडे जातं. म्हणून तंजावर भागात १८५० च्या सुमारास फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घेऊन असाच खेळ चालत असे. इंग्रजही वाऱ्यापावसाच्या दिवसांत तोच चेंडू घेत. तो खेळ आजही जिवंत आहे. त्याला बॉल बॅडमिंटन म्हणतात, एका बाजूला पाच खेळाडू असतात आणि तो उघड्या मैदानावर खेळता येतो.

आता त्या १८७३ सालाकडे पुन्हा एकदा बघू या. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, २४ सप्टेंबरला जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. छावणीत गोऱ्या मडमा रॅकेट घेऊन मैदानात उतरत होत्या, आणि तिथून काही मैलांवर आपल्या मुलींनी पाटी-पेन्सिल हातात घ्यावी की नाही यावरून भांडण चालू होतं. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि माती का पडली, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जाळी पुण्यात बांधली गेली खरी. पण पुण्याच्या मुलीला त्या जाळीपर्यंत पोचायला आणखी खूप वर्षं जायची होती.

पुण्याचे नियम इंग्लंडला गेले

नोकरी संपवून परत गेलेले अधिकारी हा खेळ बरोबर घेऊन गेले. १८७५ पर्यंत इंग्लंडच्या फोकस्टन या गावात त्यांनी क्लब सुरू केला होता. १८८७ पर्यंत तिथेही पुण्याचेच नियम चालत. त्या वर्षी बाथ शहराच्या क्लबने ते नव्याने लिहिले. १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये बॅडमिंटनची संघटना निघाली आणि 'पूना' हे नाव मागे पडलं, ड्यूकच्या वाड्याचं नाव कायम झालं. नाव कुणाचं राहतं, हे बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या हातात असतं. बायकांना हे वेगळं सांगायला नको. शेतात राबते ती एक आणि सातबाऱ्यावर नाव असतं दुसऱ्याचं.

पुढे १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक देश नऊ होते: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स, कॅनडा आणि न्यूझीलंड. ज्या देशात जाळी लागली, नियम लिहिले गेले, तो देश या नऊ जणांत नव्हता. भारत त्या संघटनेत १९३६ मध्ये आला.

मैदान सारखं, गुण मात्र कमी

आता बायकांचं बघू. अथेन्सला १८९६ मध्ये पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, त्यात एकही स्त्री खेळाडू नव्हती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, लंडनला 'ऑल इंग्लंड' ही बॅडमिंटनची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात पहिल्याच वर्षी तीन प्रकार होते: पुरुषांची दुहेरी, महिलांची दुहेरी आणि स्त्री-पुरुष जोडीची मिश्र दुहेरी. पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, एकेरी सुरू झाली, तीही पुरुष आणि महिला दोघांची एकदमच. महिलांमध्ये पहिली विजेती होती एथेल थॉमसन. तिने ही एकेरी पाच वेळा जिंकली. पुढे १९१२ मध्ये तिने टेनिसची विम्बल्डन स्पर्धाही जिंकली. तेव्हा इंग्लंडमधल्या बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा मिळालेला नव्हता.

या खेळात बायकांचं मैदान पुरुषांएवढंच आहे. जाळीची उंची तीच, फुलाचं वजन तेच. व्हॉलीबॉलमध्ये बायकांसाठी जाळी खाली घेतात, इथे नाही. तरीसुद्धा एक गोम होतीच. कित्येक दशकं नियम असा होता की सगळ्या सामन्यांत डाव १५ गुणांचा, पण महिला एकेरीत मात्र ११ गुणांचा. तीच बाई दुहेरीत उतरली की १५ गुणांपर्यंत खेळायची आणि एकेरीत आली की तिला ११ गुणांवर थांबवायचं. बायकांना दम कमी, ही समजूत त्यामागे होती. दिवसभर भांगलण करून, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन घरी येणाऱ्या बाईने हे ऐकलं तर ती काय म्हणेल? हा फरक २००६ मध्ये गेला. तेव्हापासून सगळ्यांना सारखेच २१ गुण आहेत.

कपड्यांवरूनही एकदा वाद झाला. २०११ मध्ये जागतिक संघटनेने ठरवलं की मोठ्या स्पर्धांमध्ये महिला खेळाडूंनी स्कर्टच घालावा, म्हणजे खेळ दिसायला आकर्षक होईल. खेळाडूंनी आणि अनेक देशांनी विरोध केला. आम्ही काय घालून खेळायचं ते आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी तो नियम पुढे ढकलला आणि २०१२ मध्ये सोडूनच दिला.

पुण्याच्या मुली मैदानात आल्या

पुण्यात दि. ब. देवधर नावाचे प्राध्यापक होते. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. त्यांच्याच नावाने पुढे देवधर करंडक सुरू झाला. त्यांच्या तीन मुली, तारा, सुंदर आणि सुमन, या बॅडमिंटन खेळायच्या. १९४० च्या दशकात या देवधर बहिणींनी राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या आणि अजिंक्यपदं मिळवली. पुण्यात नियम लिहिले गेले त्याला तेव्हा सत्तर वर्षं होत आली होती. ज्या वडिलांनी मुलग्यांना मैदान दाखवलं, अशांची नावं पुष्कळ सापडतात. देवधरांनी मुलींना दाखवलं, म्हणून आज त्यांची आठवण काढायची.

आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर हेही याच खेळातले. १९५६ मध्ये परदेशात स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते.

देशादेशांच्या सांघिक स्पर्धेतही बायकांना थांबावं लागलं. पुरुषांचा थॉमस कप १९४८-४९ मध्ये सुरू झाला. महिलांसाठी असा कप हवा, म्हणून इंग्लंडची खेळाडू बेटी उबेर हिने आग्रह धरला. तिच्या नावाचा उबेर कप १९५६-५७ मध्ये सुरू झाला, म्हणजे आठ वर्षांनी.

त्यानंतर आपल्या मुली एकेक पायरी चढत गेल्या. उत्तर प्रदेशची मीना शाह आणि मुंबईची अमी घिया, या दोघींनी राष्ट्रीय एकेरी सात-सात वेळा जिंकली. १९७८ मध्ये कॅनडातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी दुहेरीत कांस्यपदक आणलं. १९९२ मध्ये बार्सिलोनाला बॅडमिंटन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळलं गेलं. तिथे महिला एकेरीचं सुवर्ण इंडोनेशियाच्या सुसी सुसांती हिने जिंकलं. इंडोनेशियाच्या इतिहासातलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि ते आणलं एका बाईने.

आपल्याकडे २०१२ मध्ये लंडनला सायना नेहवालला कांस्यपदक मिळालं. बॅडमिंटनमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. सायनाची आई स्वतः हरियाणात राज्य पातळीवर बॅडमिंटन खेळलेली. २०१६ मध्ये रिओला सिंधूने रौप्य आणलं, नंतर टोकियोला कांस्य. २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या बासल शहरात सिंधू जगज्जेती झाली. त्याच दिवसांत, त्याच शहरात, आणखी एक भारतीय मुलगी जगज्जेती झाली होती. ती मुंबईत वाढलेली मानसी जोशी. २०११ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तिचा एक पाय गेला होता. ती कृत्रिम पायावर उभी राहून दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकली. सिंधूचं कौतुक लगेच झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. मानसीचं मात्र लोकांपर्यंत जरा उशिरा पोचलं. म्हणून आम्ही तिचं नाव मुद्दाम घेतो.

फूल कोण बनवतं?

नाव आणि नियमांची गोष्ट झाली. आता ज्याच्यावर सगळा खेळ उभा आहे त्या फुलाची ऐका. स्पर्धेतल्या फुलाला सोळा पिसं असतात. तळाला बुचाच्या झाडाच्या सालीची गोल टोपी असते आणि वर पातळ कातडं. सगळ्या फुलाचं वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेएवढं. चांगल्या फुलात हंसाची किंवा बदकाची पिसं घेतात आणि सोळाच्या सोळा पिसं एकाच बाजूच्या पंखातली लागतात. डाव्या-उजव्या पंखातली मिसळली तर पिसांचा बाक जुळत नाही आणि फूल सरळ उडत नाही.

आपल्या देशात ही फुलं पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याजवळ, हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरिया भागात बनतात. कित्येक वर्षं तिथे हा घरगुती धंदा आहे. बदकांची पिसं धुवायची, वाळवायची, लांबीप्रमाणे कापायची, बाकाप्रमाणे वेगळी करायची, बुचात खोवायची, दोऱ्याने बांधायची, डिंकाने पक्की करायची. यातलं बरंचसं काम बायका घरी बसून, नगावर करतात. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या किंवा गोधड्या शिवणाऱ्या बायकांसारखंच ते काम आहे. सगळी नजर आणि बोटं यांची करामत. मोठ्या सामन्यात एक फूल काही मिनिटांत मोडतं आणि खेळाडू नवं मागतो. ते बनवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही. टीव्हीवर सामना बघताना एकदा तरी तिची आठवण ठेवा.

आपल्या गावात

मैत्रिणींनो, इतिहास ऐकून आपण काय करायचं? आम्हाला वाटतं, दोन साध्या गोष्टी करता येतील.

पहिली म्हणजे जागा. बॅडमिंटनचं मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असतं. एवढी जागा शाळेच्या आवारात किंवा खळ्यावर निघते. जाळी मध्यभागी पाच फूट उंच असते. जाळी नसेल तर दोरीवर जुनी साडी टाकली तरी चालतं. बाहेर वारा असतो म्हणून पिसाच्या महागड्या फुलाची गरज नाही, नायलॉनचं पुरतं. वारा फारच असेल तर लोकरीचा चेंडू आहेच, तो आपण घरीसुद्धा विणू शकतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती अवघड आहे. आपल्या बहुतेक गावांत संध्याकाळचं मैदान मुलग्यांचं असतं. मुली त्या वेळी पाणी भरतात, भाकरी थापतात, धाकट्याला सांभाळतात. मुलगी वयात आली की तिचं पळणं-उड्या मारणं बंद होतं. हे कुठल्या नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, तरी पाळलं जातं. महिला एकेरीचा ११ गुणांचा नियम बदलायला कित्येक दशकं लागली, पण तो बदलला. आणि त्या खेळाडूंनी २१ गुण खेळून दाखवले.

तेव्हा पुढच्या महिला ग्रामसभेत एवढंच मागा: आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळचा एक तास, मैदान मुलींसाठी. त्या तासाला घरातलं पाणी कोण भरणार, हेही घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर मैदान मिळेल आणि मुली येणार नाहीत. आणि गटाची बैठक संपली की आपणही दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून फूल उडवायला काय हरकत आहे? जाळी नको, गुण नकोत. फूल खाली पडू न देता किती टोले होतात, ते मोजा. सायनाची आई खेळायची, म्हणून सायनाला खेळ लवकर दिसला. आपल्या मुलींनीही आपल्याला खेळताना बघू दे.

तुमच्या गावात मुलींना मैदान मिळालं की आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ते सगळ्या गटांना सांगू.